आला, आली, आलं

लंडनजवळ, मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात काका कुणाच्या मागे दार धरून उभे राहिले, की समजावं, त्या माणसाची झोप झालेली नाही. माणूस आत यायचा, "मॉर्निंग" म्हणून लिफ्टकडे वळायचा, आणि काका दार उघडं धरून तसेच उभे. बाहेर कोणीही नसायचं. समोर पार्किंग, त्यापलीकडे रस्ता आणि बसस्टॉप, नोव्हेंबर असला तर धुक्यात तोही धड दिसत नसे. गार वारा आत शिरायचा, रिसेप्शनवरची मुलगी खांदे आवळून बसायची. पाचसात मिनिटांनी काका दार लावत आणि जागेवर येऊन म्हणत, "नाही आला अजून. येईल अकरापर्यंत."

"कोण यायचंय?" मी नवा असताना विचारलं होतं.

"आत्ता वर गेला ना, त्याचाच राहिलेला," काका म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी कोथरूडचा, थट्टा चटकन ओळखतो असा माझा समज होता. पण काका थट्टा करत नसत. त्यांना ती येतच नसावी.

ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणत. गोरे लोकही, त्यातला एक तर 'मिस्टर काका' म्हणायचा. वय सत्तरीच्या पुढे, तपकिरी कोट, आत हातानं विणलेला स्वेटर, आणि दाराशेजारी एक लहानसं टेबल. काम एकच: कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, ते लिहायचं. त्यांना आमच्या कंपनीनं नोकरी दिलेली नव्हती. मुळात त्या इमारतीत वेगळीच कंपनी होती. ती दुसरीनं घेतली, दुसरी तिसरीनं, आणि तिसरी आमच्या मालकांनी. धंदा विकला तरी माणसांच्या नोकऱ्या अटींसकट नव्या मालकाकडे जातात, असा युरोपातून आलेला नियम. त्या नियमाच्या जोरावर काकांनी दारावर एकामागून एक चार पाट्या पाहिल्या. "मला कोणी ठेवलेलंच नाही," ते म्हणायचे, "मी वारशानं आलोय." एका नव्या मालकानं सामानाची यादी केली तेव्हा टेबलं आणि प्रिंटर यांच्याखाली काकांचं नाव होतं, असं लोक सांगत. ती यादी मी पाहिलेली नाही, पण काकांकडे बघून विश्वास बसायचा.

मी रुजू झालो त्या दिवशी एच.आर.च्या क्लेअरनं मला त्यांच्याकडे एक फॉर्म घेऊन पाठवलं. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम करायला माझी हरकत नाही, असा तो फॉर्म. इथे नवा माणूस त्यावर डोळे मिटून सही करतो. मी खिसे चाचपले आणि काकांना म्हटलं, "पेन देता का जरा?"

"सही करू नकोस, असं मी म्हणू शकत नाही," काका म्हणाले. "पण पेन मी देणार नाही."

त्यांच्यासमोर तीन पेनं होती. मी रिसेप्शनवरून चौथं आणलं आणि सही केली. काकांनी फॉर्म घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांचा खरा जीव होता तो अकरा तासांवर. संध्याकाळी काम संपलं की दुसऱ्या दिवशीच्या कामापर्यंत माणसाला सलग अकरा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा कायदा आहे. तोही युरोपनं दिलेला. आमच्यासारख्यांनी, पुण्याच्या टीमसाठी पहाटे लॅपटॉप उघडणाऱ्यांनी, तो कधी ऐकलाही नव्हता. काकांचा त्यावर एक सिद्धांत होता. माणूस घरी जातो तो सगळा एकदम जात नाही, असं ते म्हणत. आधी अंग जातं, उरलेला मागून रेंगाळत पोचतो. येतानाही तसंच. अकरा तास दिले की दोघांची गाठ पडते आणि सकाळी एक माणूस दारात येतो. नाही दिले, तर नुसतं अंग येतं.

"आणि उरलेला?"

"वाटेत असतो."

हे ते अशा सहजतेनं सांगायचे, जसं कोणी लोकल टपालाबद्दल सांगावं. मी हसायचो. पण संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीचं दार लावताना, का कुणास ठाऊक, मी एकदा मागे वळून बघायचो.

त्यांची वही पहिल्यांदा पाहिली तीही अशीच योगायोगानं. काका शिंकायला रुमाल शोधत होते, वही उघडी होती. नावं आणि वेळा इंग्रजीत, स्वच्छ. शेवटच्या रकान्यात मात्र मराठी. क्लेअरला ती त्यांची सही वाटायची. बहुतेक नावांपुढे 'आला' किंवा 'आली'. आणि मधूनच, एखाद्या नावापुढे, 'आलं'.

"काका, हे चुकलंय. टॉम आलं? टॉम आला पाहिजे ना?"

माझी लेक इथेच वाढते आहे, ती अशा चुका रोज करते. 'माझा चप्पल', 'तो गाडी'. मला वाटलं, काकांचंही चाळीस वर्षांत तसंच झालं असेल.

काकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "बेल वाजली की घरात काय विचारतात रे आपल्याकडे?"

"कोण आहे?"

"ते झालं दाराशी गेल्यावर. स्वयंपाकघरातून बाई काय विचारते?"

"कोण आलंय?"

"आलंय. आला नाही, आली नाही. का? अजून कळलेलं नसतं. दारात काहीतरी आहे एवढंच कळलेलं असतं." त्यांनी टॉमच्या नावावर पेन्सिल टेकवली. "हा काल साडेदहाला गेला आणि आज सातला हे आलं. मी कसा लिहू 'आला'? मला काय माहीत कोण आहे?"

टॉम तेवढ्यात जिन्यावरून खाली आला, आमच्यासमोरून गेला, आणि त्यानं माझ्याकडे पाहून ओळख दिली नाही. झोप नसेल झाली, दुसरं काय. पण मी वहीतली त्याची ओळ पुन्हा एकदा वाचली.

मंदार माझ्या टीममध्ये होता. नागपूरचा, अंगानं आडवा, मनानं उघडा. काकांची थट्टा करायची एकही संधी तो सोडत नसे, आणि काकांचाही त्याच्यावरच सगळ्यांत जास्त जीव. आत येताच मागे वळून विचारायचा, "काय काका, धरून राहिले का दार माझ्यामागे?" पुष्कळदा धरलेलं असायचं.

अशाच एका दिवशी मी खाली काकांपाशी उभा होतो. अकरा वाजून गेले होते. काका डब्यातला चिवडा खात होते. खाता खाता थांबले, दाराकडे पाहिलं, आणि कोणाला तरी मान डोलावली, ओळखीच्या माणसाला डोलावतात तशी. दारात कोणी नव्हतं. दार मात्र उघडलं, थोडं थांबलं, मिटलं. काकांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत 'आलं' खोडून 'आला' केलं. मी वर गेलो, तर मंदार खुर्चीत आळस देत म्हणाला, "आत्ता कुठे डोकं चालून राहिलं बे माझं. सकाळपासून मी कोण आहे तेच कळत नव्हतं."

मी मनाशी म्हटलं, दारं वाऱ्यानंही उघडतात.

काकांच्या घरी मी एकदाच गेलो, लंडनच्या पिनर उपनगरात, एका रविवारी जेवायला. तोपर्यंत काकू जाऊन वर्ष झालं होतं. घर नीटनेटकं, कढीचा वास, भिंतीवर हॉस्पिटलच्या पोशाखातला काकूंचा फोटो. आणि घरातलं एकही दार मिटलेलं नाही. प्रत्येकाखाली लाकडाची पाचर. न्हाणीघराच्या दारालासुद्धा. मला तर संकोचच वाटला.

जेवताना काका स्वतःहून बोलले. काकू नर्स होत्या. तो नियम यायच्या आधीची गोष्ट. त्या एक पाळी करून घरी आल्या, तीन तास झोपल्या आणि दुसऱ्या पाळीला परत गेल्या. असे सलग नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी घरी आल्या आणि कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मी म्हटलं, अगं कोट तरी काढ. म्हणाली, काढते. पण काढला नाही."

"मग?" मी विचारलं. वाटलं, आता मृत्यूची हकिगत येणार.

"मग काही नाही. त्यानंतर बावीस वर्षं राहिलो की आम्ही एकत्र. स्वयंपाक करायची, बोलायची, कामावर जायची. घरात कायम कोट अंगात. उन्हाळ्यातही." त्यांनी माझ्या पानात कढी वाढली. "सगळी अशी ती परत आलीच नाही. मी वाट पाहायचो रोज, दार उघडं ठेवून. दोन वर्षांनी नियम आला. दोनच वर्षं उशीर झाला बघ."

मी मान खाली घालून जेवलो. निघताना दार ओढून घ्यायची सवय, हात मुठीकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

पुढे देश युरोपातून बाहेर पडला. पहिली काही वर्षं आमच्या ऑफिसात काही फरक पडला नाही. मग बातमी आली की युरोपचे सगळेच कायदे त्या वर्षअखेरीस आपोआप मावळणार. त्याला म्हणतही 'सनसेट'. काकांनी तो शब्द ऐकला आणि त्या दिवशी चिवड्याचा डबा उघडलाच नाही. शेवटी सगळे काही मावळले नाहीत. अकरा तासांचा नियम जागच्या जागी राहिला. फक्त, प्रत्येकाचे रोजचे तास लिहून ठेवण्याची सक्ती उरली नाही. नियम पाळतो एवढं मालकाला दाखवता आलं की पुरे.

"इट्स नॉट गॉन, इट्स जस्ट सिम्पलर," क्लेअर आनंदानं म्हणाली. तिनं मला एक ॲप बनवायला सांगितलं. त्यात सगळ्यांचे तास आपोआप नऊ ते साडेपाच दिसायचे. कोणाला काही वेगळं सांगायचं असेल तर त्यानं स्वतः भरायचं. कोण भरणार? मी ते दोन आठवड्यांत बनवलं. आणि काकांना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण 'यू स्पीक द सेम लँग्वेज'.

मी सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नियम ठेवला आणि डोळे काढून घेतले," ते म्हणाले.

"काका, जग बदलतंय. तुम्ही आता आराम करा."

"मी करीन रे. त्यांचं काय?" त्यांनी वर, आमच्या मजल्याकडे बोट केलं.

त्यांना केक कापून निरोप दिला. केकवर नाव चुकीचं लिहिलं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी मी पार्किंगमध्ये शिरलो आणि पाहिलं, तर समोरच्या बसस्टॉपवर काका. तपकिरी कोट, मांडीवर वही. बस आली, थांबली, गेली. काका तिथेच. मंगळवारीही. मग रोजच. हळूहळू ऑफिसातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी ठरवल्यासारखं त्याबद्दल बोलायचं टाळलं. क्लेअरनं तिच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, तो घेतलाच. धुकं असलं की काका दिसायचे नाहीत, आणि ते जास्त वाईट. तिकडे पाहिलं नाही तरी मानेला कळायचं की आपली वेळ लिहिली गेली.

मंदारचं घडलं ते त्यानंतर दोनेक महिन्यांनी.

दवाखान्यांची एक साखळी आमचं गिऱ्हाईक होती. त्यांच्या पेशंटच्या भेटींची यंत्रणा आम्ही सांभाळायचो. पहाटे ती बंद पडली. मंदार आदल्या रात्री अकरापर्यंत तिच्यावरच काम करून गेला होता. मी अंथरुणातूनच त्याला फोन केला.

"आत्ता? पाच वाजून राहिले बे," तो म्हणाला.

"अर्ध्या तासाचं काम आहे. आठला क्लिनिक्स उघडतात."

"बरं. निघतो."

मी कूस बदलून झोपलो आणि नऊला ऑफिसात पोचलो. तोवर मंदारनं जुन्या यादीवर नवी चढवायच्या ऐवजी नवीवर जुनी चढवली होती. आठवड्याभराच्या भेटी पुसल्या गेल्या. म्हातारी माणसं दवाखान्यांच्या दारांत उभी होती आणि आत कोणालाच माहीत नव्हतं की ती कशासाठी आली आहेत. मंदार पडद्याकडे बघत बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला क्षणभर, खरंच सांगतो, काकूंचा कोट आठवला.

कंपनीनं चौकशी लावली. आरोप 'ग्रॉस मिसकंडक्ट', म्हणजे गंभीर गैरवर्तनाचा. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, साठ दिवसांत देश सोडायचा. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. ॲपमध्ये त्याचे तास दोन्ही दिवशी नऊ ते साडेपाच. दाराला सगळ्यांचा एकच कोड, कामाचं लॉगिनही टीमचं एकच. मंदारला वाचवू शकेल अशी एकच गोष्ट होती: त्याला सहा तासांत परत बोलावलं गेलं, आणि ते मी बोलावलं.

"तुझं नाव मी घेत नाही," मंदारच मला म्हणाला. माझा इथे कायम राहायचा अर्ज चार महिन्यांवर आला होता, ते त्याला ठाऊक होतं. "मी म्हणतो, माझा मीच लवकर आलो. दोघं कशाला मरायचं?"

मी 'नाही रे, असं नको' म्हणालो. एकदाच म्हणालो.

चौकशीच्या आदल्या सकाळी गाडी लावून वळलो, तर काकांनी बसस्टॉपवरून हात केला. मी रस्ता ओलांडला. त्यांनी वहीतलं एक पान काढून चार घड्या करून ठेवलं होतं.

पान उघडलं. मंदार: गेला, रात्री ११.०५. आलं, ५.४०. बोलावणं: आणि पुढे माझं नाव. त्याच्याखाली माझी ओळ. आला, ९.००.

"काका, पिनरहून पहिली गाडीसुद्धा एवढ्या लवकर इथे पोचत नाही," मी म्हणालो. त्यांना गाडी चालवता येत नसे. "आणि मी फोन केला हे तुम्हाला..."

"तू त्या दिवशी पूर्ण आला होतास," काका मला मध्येच तोडून म्हणाले. "झोपून, जेवून. 'आला' लिहिलंय बघ मी. त्याला विचारून उपयोग नाही, तो अजून वाटेत आहे. म्हणून पान तुझ्याकडे देतोय. तू सांग."

"माझं नाव आहे यात."

"हो ना. म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत ते पान माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मंदारनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. क्लेअर माझ्याकडे वळली. त्याला त्या सकाळी कोणी लवकर बोलावलं होतं का?

मला आदल्या रात्री दहा तास झोप मिळाली होती. डोकं स्वच्छ होतं. असं म्हणायलाही जागा नाही की दमलो होतो.

"नॉट दॅट आय रिकॉल," मी म्हणालो.

मंदारनं मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी.

हीथ्रोला त्यांना मीच सोडलं. सात बॅगा, त्यातली एक बाळाच्या कपड्यांची. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "तुझं ते पर्मनंटचं झालं की फोन कर बे. इकडे पेढे वाटतो." मला लाज वाटली. तेव्हाही वाटली आणि आजही, हे लिहिताना, वाटते आहे. अर्ज मंजूर झाला, पण मी त्याला फोन केलेला नाही.

त्यांना सोडलं त्यानंतरच्या सोमवारी मी गाडी लावली आणि ऑफिसकडे न जाता सरळ रस्ता ओलांडला. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. पान परत द्यायचं, पाया पडायचं, निदान शिव्या खायच्या. काका बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर करून माझा चेहरा पाहिला, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं कोणी खूप प्रयत्न करून आठवून पाहावं. मी तोंड उघडायच्या आधीच ते अदबीनं थोडं बाजूला सरकले, मला बसायला जागा करून दिली, आणि म्हणाले, "माफ करा हं. मी आपल्याला ओळखलं नाही."

मेडनहेडच्या बसस्टॉपवर अनोळखी माणसाशी कोणी मराठीत बोलत नाही.